बोअरच्या पाण्याचे गाडीवरचे पांढरे डाग: वर बसलेले आणि आत शिरलेले

दर्यापूर तालुक्यातील एका शेतकरी बंधूंचा प्रश्न असा आहे. त्यांची गडद निळ्या रंगाची गाडी दोन वर्षांची असून ती दर आठवड्याला घरच्या बोअरच्या पाण्याने धुतली जाते आणि उन्हाळ्यात ज्या भिंतीशी ती उभी असते त्याच भिंतीच्या खिडकीत कूलर बसवलेला आहे. बोनेट, टप आणि कूलरकडची दोन्ही दारे यांवर पांढरी वर्तुळे उमटली आहेत. शाम्पू लावून धुतले की ओले असेपर्यंत ती दिसत नाहीत आणि पत्रा वाळला की जशीच्या तशी परत दिसतात. ठिबकच्या नळ्या साफ करण्यासाठी आणलेले ॲसिड घरात शिल्लक आहे, ते पाण्यात मिसळून लावावे काय, की शहरातल्या दुकानदाराने सुचवल्याप्रमाणे सरळ सिरॅमिक कोटिंग करून घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

गाड्यांचे डेंटिंग, पेंटिंग आणि पॉलिश या कामात माझी बावीस वर्षे गेली, आणि त्यातला बराच काळ खारपाणपट्ट्यातल्याच, म्हणजे विदर्भातल्या खाऱ्या पाण्याच्या भागातल्याच, गाड्या हाताखालून गेल्या. त्या अनुभवावरून सांगतो की ठिबकचे ॲसिड लावू नये आणि डाग काढल्याशिवाय कोटिंगही करू नये. डाग मात्र बहुतेक घरीच निघतील, आणि जे निघणार नाहीत ते का निघत नाहीत हे आधी कळले म्हणजे विनाकारण घासाघासही होणार नाही.

आधी हा डाग म्हणजे काय ते पाहू. जमिनीतून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले किंवा वाळले की कॅल्शियमच्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साध्या भाषेत चुना, उरतो. न्हाणीतल्या नळाच्या तोंडाशी जमणारे पांढरे खवले, चहाच्या भांड्याच्या बुडाशी धरणारा पांढरा थर आणि ठिबकच्या ड्रिपरचे बुजलेले छिद्र ही सगळी त्याचीच रूपे आहेत. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, शेगाव या भागांत, चुन्याच्या जोडीला सोडियमचे क्षार, म्हणजे मिठाच्या जातीचे क्षार, मोठ्या प्रमाणात असतात. भारतीय मानक संस्थेच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतले जाते. समजा, आपल्या बोअरच्या पाण्यात लिटरला 1500 मिलिग्रॅम क्षार आहेत. गाडी धुऊन न पुसता सोडली आणि अर्धा लिटर पाणी अंगावरच वाळले, तर पाऊण ग्रॅम क्षार पत्र्यावर बसला, आणि हे दर आठवड्याला होते आहे.

कूलरचे पाणी तर बोअरच्या पाण्याहून वाईट असते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कूलरच्या टाकीतले पाणी हवेत उडून जाते, पण त्यातला क्षार उडत नाही. तो टाकीतच राहतो. आपण संध्याकाळी पुन्हा दोन बादल्या ओततो, त्यांचेही पाणी उडते आणि क्षार राहतो. टाकी पूर्ण रिकामी न करता आठ-दहा दिवस नुसती भरत राहिले, तर त्यातले पाणी मूळ पाण्याच्या कितीतरी पट खारट झालेले असते, आणि जाळीच्या गवतावर जमणारा पांढरा थर त्याचाच पुरावा आहे. हेच पाणी ठिबकत किंवा वाऱ्याने उडत गाडीच्या दारावर येते, तेही अशा दारावर जे दुपारी तीनला उन्हात तापून हात लावू देत नाही. बोनेटवरचे डाग आणि कूलरकडच्या दारांवरचे डाग म्हणून एकाच जोराचे नसतील, आणि दोन्हींवर एकच उपाय करून भागेल असेही धरून चालू नये.

डाग दोन जातींचे असतात. काही रंगाच्या वर बसलेले असतात आणि काही रंगात शिरलेले असतात. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा थर असतो, ज्याला आम्ही क्लिअर कोट म्हणतो; त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी भरते. क्षार त्यावर नुसता बसला असेल तर तो विरघळवून काढता येतो. पण तापलेल्या पत्र्यावर क्षाराचा घट्ट थेंब वारंवार वाळत राहिला तर तो लॅकरला खातो आणि तिथे बारीकसा खळगा पडतो. खळगा हा काही पदार्थ नाही, त्यामुळे तो कशातही विरघळत नाही; त्याच्या आजूबाजूचा थर खळग्याच्या बुडापर्यंत खाली आणला तरच तो जातो, आणि यालाच पॉलिश करणे म्हणतात.

कोणता डाग कोणता, हे ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. गाडी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावी, हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवावी आणि बोटांची टोके डागावरून अलगद फिरवावी. पिशवीमुळे स्पर्श जास्त जाणवतो. बोटाला खडबडीत कण लागला तर क्षार वर बसलेला आहे. बोट गुळगुळीत सरकले आणि तरीही डोळ्यांना वर्तुळ दिसत राहिले, तर बहुधा खळगा आहे. दोन्ही एकत्रही असतात, म्हणजे खळगा आणि त्यात बसलेला चुना. पहिला उपाय करून झाल्यावरच ते उघड होते.

आता ठिबकच्या ॲसिडविषयी. विचार चुकीचा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. ड्रिपरमधला चुना ज्या तत्त्वाने सुटतो त्याच तत्त्वाने बोनेटवरचाही सुटतो. फरक पदार्थाच्या जोराचा आहे, आणि प्लास्टिकच्या नळीला जे सोसते ते लॅकर, क्रोमची पट्टी आणि उघडा पत्रा यांना सोसत नाही. अंजनगावकडच्या एका गिऱ्हाइकाने हायड्रोक्लोरिक ॲसिड निम्मे पाणी घालून सकाळी अकराच्या उन्हात काळ्या बोनेटवर ओतले होते. फेस आला, डाग गेले, म्हणून त्याने तेच पुन्हा एकदा केले. ॲसिड ज्या वाटांनी खाली ओघळले त्या वाटा मंद राखाडी रेघा होऊन कायम राहिल्या, समोरच्या जाळीची चकाकी उतरली आणि गिट्टी लागून जिथे जिथे रंगाचे टवके उडाले होते तिथे आठवड्याभरात गंज चढला. "डाग तं गेले ना भाऊ, पण चमकही गेली," असे तो म्हणाला, आणि बोनेट नव्याने रंगवण्यावाचून इलाज उरला नाही. संडास धुण्याच्या द्रवातही बहुधा हेच ॲसिड असते, म्हणून तेही वर्ज्य समजावे.

आपल्याला हवे आहे तेही आम्लच, पण स्वयंपाकघरातले. किराणा दुकानात मिळणारे पांढरे व्हिनेगर साधारण चार-पाच टक्क्यांचे असते. त्यात तेवढेच आरओचे पाणी मिसळले की काम होते. व्हिनेगर मिळाले नाही तर सायट्रिक ॲसिडची पूड, जिला आपल्याकडे लिंबूसत्त्व म्हणतात, ती लिटरभर आरओच्या पाण्यात वीस ग्रॅम विरघळवून घ्यावी. ताजे लिंबू चोळण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण गर आणि साल यांचा चिकटा पत्र्यावर राहतो आणि आम्ल किती लागले याचा अंदाज येत नाही. खात्री हवी असेल तर हे मिश्रण आधी न्हाणीतल्या नळावरच्या पांढऱ्या खवल्यावर दोन थेंब टाकून पाहावे. बारीक बुडबुडे दिसले तर तो चुना आहे आणि तो सुटतो आहे.

पण मिश्रणाआधी धुणे, आणि धुण्याआधी सावली. पहाटे सहाच्या सुमारास, सूर्य वर येण्यापूर्वी, तळहाताची मागची बाजू पत्र्याला लावून तो गार असल्याची खात्री करावी. आपल्याकडे गाडीवर काळ्या मातीची धूळ असते आणि तिच्यात चुनखडीचे आणि वाळूचे बारीक खडे असतात, त्यामुळे कोरड्या फडक्याने ती झटकणे म्हणजे रंगावर खरवडणेच आहे. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने माती उतरवावी, मग गाडीच्या शाम्पूचे पाणी एका बादलीत आणि फडके खंगाळण्याचे साधे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन वरून खाली धुवावे. कपड्यांची पावडर वापरू नये; ती रंगावर आधी लावलेले वॅक्स उतरवते. खारपाणपट्ट्यातल्या गाड्यांसाठी मी इथेच एक पायरी वाढवतो: धुतल्यानंतर डागावर आरओच्या पाण्यात भिजवलेले मऊ फडके पाच मिनिटे पसरून ठेवावे. सोडियमचा क्षार साध्या पाण्यात विरघळतो, त्यामुळे डागांचा बराचसा भाग आम्ल न लावताच जातो. तो बोअरच्या पाण्याने जात नाही असे जे वाटते त्याचे कारण एवढेच, की पाणी एक क्षार काढते आणि वाळताना दुसरा ठेवून जाते.

राहिलेल्या डागांसाठी व्हिनेगरचे मिश्रण मायक्रोफायबरच्या फडक्यावर घेऊन ते फडके डागावर मिनिटभर नुसते ठेवावे. चोळू नये, दाबू नये आणि मिश्रण पत्र्यावर वाळू देऊ नये. मग अलगद पुसावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि गरज असेल तर आणखी एकदा करावे. एका वेळी दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद एवढाच भाग घ्यावा. अख्खे बोनेट एकदम ओले केले की दुसऱ्या टोकाला वाळायला सुरुवात होते. मिश्रण पुसल्यानंतरचे पहिले धुणे बोअरच्या पाण्याने केले तरी चालते, उलट बरेच, कारण त्यातले बायकार्बोनेट उरलेल्या आम्लाला मारते. शेवटची धार मात्र आरओच्या पाण्याची. उघड्या ॲल्युमिनियमवर, क्रोमवर आणि जिथे रंगाचा टवका उडालेला आहे अशा जागी हे मिश्रण थांबवून ठेवू नये. अंगणात चुनखडीची फरशी असेल तर तिच्यावरही ते सांडू देऊ नये, नाहीतर गाडीचा डाग जाईल आणि फरशीला पडेल.

दोन वेळा करूनही जो पातळ धुरकट थर उरतो, त्यात सिलिका किंवा सल्फेट असू शकते. आपला खडक बेसॉल्टचा आहे आणि त्यातून येणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. एकदा वाळली की तिला व्हिनेगर काही करत नाही. तिथे आम्लाचा जोर वाढवण्याचा मोह आवरावा. गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी क्ले बार, म्हणजे मळलेल्या कणकेसारखी चिकण गोळी, शाम्पूच्या पाण्याचा ओलावा ठेवून हलक्या हाताने फिरवली तर वर बसलेले कण ती उचलून घेते. गोळी जमिनीवर पडली तर धुऊन पुन्हा वापरू नये, टाकून द्यावी. अंगणातला एक खडा तिच्यात रुतला तर तो अख्ख्या दारावर रेघ मारत जातो.

एवढे झाल्यावर गाडी वाळवून उन्हात एकदा आणि रात्री टॉर्चच्या तिरप्या उजेडात एकदा पाहावी. आता जी वर्तुळे दिसतात ते खळगे आहेत. बोनेटवर ती थोडी असतील आणि कूलरकडच्या दारांवर जास्त, असा माझा अंदाज आहे.

खळग्यांसाठी पॉलिश लागते, आणि इथे घरचा हात आणि कारागिराचा हात यांत फरक पडतो. हाताने करायचे असेल तर बारीक पॉलिश फोमच्या तुकड्यावर वाटाण्याएवढे घेऊन, एका वेळी फूटभर जागेत आधी आडवे आणि मग उभे फिरवावे, पुसावे आणि पाहावे. सौम्य खळगे एवढ्याने जातात. मशीनने करायचे तर डीए मशीन घ्यावे, ज्याची तबकडी स्वतःभोवती फिरता फिरता हेलकावेही घेते. जुन्या पद्धतीचे एकाच अक्षावर गरगरणारे बफिंग मशीन नवख्या हाताला देऊ नये, कारण ते एकाच जागी पाच सेकंद थांबले तरी लॅकर तापते, आणि दाराची कड किंवा बोनेटची उंच रेघ आली की तिथला आधीच पातळ असलेला थर पार निघून जातो. अशा कडांवर मी कामाआधी कागदी टेप लावतो. सुरुवात नेहमी सर्वांत सौम्य पॉलिशने करावी आणि त्याने भागले नाही तरच रबिंग कंपाउंडकडे, म्हणजे जास्त घासणाऱ्या पेस्टकडे, जावे. 2000 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर, मारून खळगा काढणारे कारागीर तालुक्याच्या प्रत्येक गावी आहेत आणि त्यांचे काम त्या दिवशी सुंदरही दिसते, पण त्या एका दिवसात लॅकरचा जो थर जातो तो परत येत नाही. पॉलिश झाल्यावर त्यातल्या तेलामुळे बारीक खळगे भरल्यासारखे दिसतात. म्हणून दोन धुण्यांनंतर पुन्हा पाहूनच काम झाले की नाही ते ठरवावे.

मी स्वतः शेवटचा खळगा काढण्याच्या मागे लागत नाही. दहा फुटांवरून जो डाग दिसत नाही तो तसाच राहू द्यावा, असे गिऱ्हाइकाला सांगतो, आणि काही जण त्यावर नाराजही होतात.

घरात जुनी जीप किंवा ट्रॅक्टर असेल तर एक वेगळी गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांच्यावर पुष्कळदा वेगळा लॅकर नसतो, रंगच उघडा असतो. पॉलिश करताना फडके लाल किंवा निळे झाले तर तो रंगच उतरतो आहे असे समजावे आणि हात आवरता घ्यावा. आणि वरुड-मोर्शीकडचे कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रण फवारताना धुऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीवर जे निळसर-पांढरे शिंतोडे वाळतात, त्यांत चुना आणि मोरचूद दोन्ही असतात. ते त्याच दिवशी साध्या पाण्याने धुतले तर बहुतेक निघतात. राहिले तर वरचेच व्हिनेगरचे मिश्रण चालते, फक्त धुणे जास्त करावे.

रॉकेल किंवा डिझेलचे फडके मारण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, तिच्याविषयीही विचारणा होते. तेलात क्षार विरघळत नाही. तेलाचा थर खळग्यात भरतो, उजेड सारखा परावर्तित होतो आणि डाग गेल्यासारखा वाटतो; दोन दिवसांत त्यावर वावरातली धूळ बसते आणि डाग धुळीसकट परत येतो. टूथपेस्टही टाळावी. ती घासते हे खरे, पण किती घासते हे तिच्या डबीवर लिहिलेले नसते.

सिरॅमिक कोटिंगचे काय? डाग असलेल्या रंगावर ते लावले तर डाग कोटिंगखाली बंद होतात आणि पुढे काढायचे झाले तर आधी कोटिंग घासून काढावे लागते. डाग काढून मग लावले तर ते चांगले काम करते, माती कमी धरते आणि धुणे सोपे होते. परंतु पाण्याचे डाग त्याने थांबत नाहीत. कोटिंगवर पाणी पसरत नाही, त्याचे उंच गोल थेंब होतात, आणि खाऱ्या पाण्याचा असा थेंब उन्हात वाळला तर सगळा क्षार त्या छोट्याशा गोलात एकवटतो. गाडी धुऊन लगेच पुसणाऱ्याने कोटिंग जरूर करावे. बोअरच्या पाण्याने धुऊन उन्हात सोडणाऱ्याने त्या पैशांत आरओचे पाणी आणि दोन चांगली फडकी घ्यावीत. आपल्या गाडीसाठी मी पॉलिशनंतर साधे वॅक्स सुचवीन, दर तीन महिन्यांनी, आणि उन्हाळ्यात दोन महिन्यांनी.

डाग पुन्हा पडू नयेत म्हणून अख्खी गाडी आरओच्या पाण्याने धुण्याची गरज नाही. नेहमीप्रमाणे बोअरच्या पाण्याने धुवावी, शेवटी दहा लिटर आरओचे पाणी तांब्याने किंवा झारीने वरून सोडावे आणि लगेच पुसावे. पाइपचे नोझल काढून सावकाश धार सोडली तर पाणी थेंब न राहता चादरीसारखे ओघळते आणि पुसायला कमी उरते. मात्र आरओ मशीनच्या बाजूच्या नळीतून जे पाणी वाया जाते ते वापरू नये. काटकसर म्हणून ते ड्रममध्ये साठवून गाडी धुणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या गाड्या इतरांपेक्षा लवकर माझ्याकडे आल्या आहेत, कारण आरओने पिण्याच्या पाण्यातून काढलेला सगळा क्षार त्या नळीतूनच बाहेर पडतो. घरी एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारे पाणी हे हवेतल्या वाफेचे पाणी आहे, त्यात क्षार जवळजवळ नसतोच. ते बादलीत धरले तर शेवटच्या धारेला उत्तम. कूलरची टाकी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण रिकामी करून धुवावी, आणि गाडी मे महिन्यापुरती तरी दुसऱ्या भिंतीला लावावी. मृगाच्या आधी धूळ उडवून जो शिडकावा येतो आणि लगेच ऊन पडते, त्यानंतरही गाडी त्याच संध्याकाळी धुऊन घ्यावी, कारण त्या थेंबांत पावसापेक्षा हवेतली मातीच अधिक असते.

पुढच्या काचेचा उल्लेख प्रश्नात नव्हता, पण रंगावर एवढे डाग असतील तर काचेवरही असणारच. काचेला लॅकर नसल्याने तिथे व्हिनेगरचे फडके पाच-सहा मिनिटे ठेवले तरी चालते. त्यातूनही जे उरते ते सेरियम ऑक्साइडच्या पेस्टने, काच सतत ओली ठेवून, फेल्टच्या पॅडने निघते. वायपरची रबरी पट्टी आधी उचलून आरओच्या पाण्याने पुसून घ्यावी. तिच्या कडेला चिकटलेला चुना काचेवर घासत राहिला तर नव्या रेघा पडतील.